वाइलचं समीकरण, टँटलमचा स्फटिक

हेरमान वाइल डिसेंबर १९५५ मध्ये झुरिकला वारले. त्यानंतर तेराच महिन्यांनी, जानेवारी १९५७ मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने पत्रकारांना बोलावून जाहीर केलं, की निसर्ग डाव्या-उजव्यात भेद करतो. वाइल यांच्या एका समीकरणाविरुद्ध दोन तपं ठाण मांडून बसलेला आक्षेप त्या बातमीने निकालात निघाला. ते पाहायला वाइल नव्हते. पुढे अठ्ठावन्न वर्षांनी त्याच समीकरणात सांगितलेली वागणूक टँटलम आणि आर्सेनिक यांच्या एका स्फटिकात प्रत्यक्ष दिसली, तोवर त्यांच्या पिढीतलं कुणीच उरलं नव्हतं.

वाइल सेमीमेटल या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या पदार्थांचा हा इतिहास आहे. त्यातली चुटपुट लावणारी गोष्ट अशी, की समीकरणही १९२९ सालीच हाती होतं आणि ते स्फटिकात लागू पडू शकतं हे दाखवणारं गणितही १९३७ साली छापून झालं होतं. दोन्ही कामांचा प्रिन्स्टन या एकाच गावाशी संबंध होता. तरीही दोन्हींची गाठ पडायला पुढचं बहुतेक सगळं शतक जावं लागलं.

पॉल डिरॅक यांनी १९२८ साली इलेक्ट्रॉनचं समीकरण मांडलं. क्वांटम सिद्धान्त आणि आइन्स्टाइनची विशेष सापेक्षता यांचा मेळ घालणारं ते समीकरण चार भागांचं होतं आणि त्या चार भागांचा अर्थ लावताना भले भले चक्रावले होते. वाइल मुळात गणितज्ञ, गोटिंगेनच्या हिल्बर्ट यांचे शिष्य. १९२८-२९ या वर्षात ते झुरिकहून प्रिन्स्टनला पाहुणे प्राध्यापक म्हणून आले होते. डिरॅकच्या समीकरणात वस्तुमान शून्य धरलं, तर त्याचे दोन स्वतंत्र तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा दोनच भागांचा उरतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. १९२९ साली ‘त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिजिक’ या जर्मन नियतकालिकात त्यांनी ते छापलं. आधुनिक भौतिकीचा पाया असलेलं गेज तत्त्वही त्याच निबंधात आजच्या रूपात आलेलं आहे. एका निबंधात एवढा ऐवज क्वचितच सापडतो.

त्या दोन तुकड्यांतला फरक हाताचा आहे. इलेक्ट्रॉनसारख्या कणाला स्वतःची एक अंगभूत फिरकी असते. फिरकी आणि पुढे जाण्याची दिशा यांचा संबंध उजव्या आट्याच्या स्क्रूसारखा असेल तर कण उजवा, उलटा असेल तर डावा. कणाला वस्तुमान असेल तर त्याच्याहून वेगाने धावणाऱ्या निरीक्षकाला तो उलट दिशेने जाताना दिसतो, म्हणजे त्याचा डावा-उजवेपणा कायमचा ठरलेला राहत नाही. वस्तुमानच नसलेला कण प्रकाशाच्या वेगाने जातो. त्याला मागे टाकणं कुणाला शक्य नाही, त्यामुळे तो डावा असेल तर सगळ्यांसाठी, कायमचा डावा. अशा कणाला पुढे ‘वाइल फर्मिऑन’ असं नाव पडलं.

आक्षेप घेतला तो वोल्फगांग पाउली यांनी. निसर्गाचे नियम आरशातही तसेच्या तसे लागू पडतात, ही त्या काळची पक्की समजूत होती. फक्त डाव्या कणाचं समीकरण आरशात धरलं तर उजव्या कणाचं होतं. म्हणून १९३३ साली लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध क्वांटम ग्रंथलेखात पाउलींनी हे समीकरण भौतिक वास्तवाला लागू नाही म्हणून बाजूला सारलं. याच पाउलींनी १९३० साली न्यूट्रिनोची कल्पना मांडली होती. आपल्याच कल्पनेतल्या कणाला हे समीकरण बसू शकेल, ही शंका त्यांना शिवली नाही.

१९५६ साली ली आणि यांग या तरुण चिनी-अमेरिकी जोडीने विचारलं, की काही प्रकारच्या किरणोत्सर्गाला कारण असलेल्या क्षीण बलाच्या बाबतीत आरशाची ही सममिती कुणी तपासून पाहिली आहे का? कुणीच पाहिली नव्हती. अब्दुस सलाम यांना त्याच सुमारास वस्तुमानरहित, एकहाती न्यूट्रिनोची कल्पना सुचली. त्यांनी ती पाउलींकडे पोहोचवली तेव्हा उलट निरोप आला, की याहून बरं काहीतरी सुचतंय का बघा. मग वू चिएन-शिउंग या बाईंनी वॉशिंग्टनच्या प्रयोगशाळेत कोबाल्ट-६० चे अणू निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम शतांश अंशापर्यंत गार केले, चुंबकाने त्यांची फिरकी एका दिशेला लावली आणि बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजले. फिरकीच्या उलट दिशेला ते जास्त संख्येने बाहेर पडत होते. आरसा फुटला होता; जानेवारी १९५७ ची बातमी ती हीच. क्षीण बलाच्या या डावेपणाला नेमकं गणिती रूप देणाऱ्यांत जॉर्ज सुदर्शन होते. रोचेस्टरला जाण्यापूर्वी ते मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भाभांच्या हाताखाली काम करत होते.

त्यानंतर चाळीसेक वर्षं वाइल समीकरणाचं घोडं न्यूट्रिनोच्या गंगेत न्हालं असं सगळे धरून चालले. पण १९९८ साली जपानच्या सुपर-कामिओकांडे प्रयोगाने दाखवून दिलं, की न्यूट्रिनो वाटेत आपली जात बदलतात, आणि वस्तुमान असल्याशिवाय तसं होत नाही. समीकरण पुन्हा एकदा कणाविना उरलं.

आता मागे १९३७ मध्ये जायला हवं.

कॉन्यर्स हेरिंग हा कॅन्ससमध्ये खगोलशास्त्र शिकलेला तरुण. प्रिन्स्टनला आल्यावर तो युजीन विग्नर यांच्या हाताखाली घन पदार्थांकडे वळला. स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनांना हवी ती ऊर्जा घेता येत नाही. त्यांना ऊर्जेचे पट्टे नेमून दिलेले असतात आणि इलेक्ट्रॉनच्या संवेगाप्रमाणे पट्ट्याची उंची बदलते. असे दोन पट्टे एकमेकांना भेटू शकतात का? सममिती पाठीशी नसेल तर दोन ऊर्जापातळ्या सहसा एकमेकींना टाळतात, हे विग्नर आणि फॉन नॉयमान यांनी १९२९ सालीच दाखवलं होतं. त्यांना भेटवायचं असेल तर तीन गोष्टी एकाच वेळी जुळवून आणाव्या लागतात. हेरिंगची नजर इथे कामाला आली. स्फटिकातल्या संवेगाला नेमक्या तीनच दिशा असतात. म्हणजे जुळवायच्या तीन गोष्टी निसर्गाने आधीच पुरवलेल्या आहेत, आणि त्रिमिती स्फटिकात दोन पट्टे एखाद्या बिंदूत कुठल्याही सममितीच्या आधाराविना भेटू शकतात. एवढंच नव्हे, पदार्थात थोडाफार फेरफार केला तरी ती भेट मोडत नाही, बिंदू फक्त इकडेतिकडे सरकतो. ‘फिजिकल रिव्ह्यू’मधल्या त्याच्या लेखाच्या शीर्षकात या भेटींना ‘योगायोगाच्या’ म्हटलेलं आहे.

त्या भेटीच्या बिंदूजवळ इलेक्ट्रॉनची ऊर्जा संवेगाबरोबर सरळ रेषेत वाढते, जणू त्याला वस्तुमानच नाही. तिथे त्याला जे समीकरण लागू होतं ते वाइलचं समीकरण आहे, आणि त्याचा कुठला तुकडा लागू पडतो यावर तो बिंदू डावा की उजवा हे ठरतं. वाइल यांची पत्नी हेलेन ज्यू असल्यामुळे १९३३ साली नाझी जर्मनी सोडून ते कायमचे प्रिन्स्टनच्या नव्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीत आले होते. संस्थेला १९३९ पर्यंत स्वतःची इमारतही नव्हती. तिचे गणितज्ञ विद्यापीठाच्याच फाइन हॉलमध्ये बसत. म्हणजे हेरिंगने प्रबंध लिहिला तेव्हा वाइल त्याच गावात, त्याच विद्यापीठाच्या आवारात होते. तरी हा स्फटिकातला बिंदू म्हणजे तुमचं समीकरण, असं कुणी कुणाला म्हटलं नाही. एकाची भाषा गुरुत्वाकर्षणाची आणि मूलकणांची, दुसऱ्याची धातूंची. हेरिंग पुढे बेल लॅब्जमध्ये घन पदार्थांच्या सिद्धान्ताचे मोठे जाणकार झाले आणि २००९ साली वारले.

मधल्या काळातली पावलं थोडक्यात सांगतो. १९७१ मध्ये अब्रिकोसोव आणि बेनेस्लावस्की यांनी अशा बिंदूंचे पदार्थ कसे वागतील याचं गणित केलं. निल्सन आणि निनोमिया यांनी १९८१ मध्ये सिद्ध केलं, की जाळीदार रचनेत डावा बिंदू एकटा असूच शकत नाही, त्याच्या जोडीला कुठेतरी उजवा असतोच. १९८३ मध्ये याच जोडीने अशा स्फटिकात विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं एकाच दिशेने लावून पाहायला सुचवलं. तसं केलं तर इलेक्ट्रॉन डाव्या बिंदूकडून उजव्याकडे ओढले जातील, आणि मूलकणांच्या सिद्धान्तात १९६९ साली सापडलेली एक विसंगती प्रयोगशाळेतल्या टेबलावर मोजता येईल. मुद्दा असा, की त्यासाठी लागणारा स्फटिक कुणाकडे नव्हता.

स्फटिकाच्या शोधाला खरा जोर आला तो टोपोलॉजीमुळे, म्हणजे आकार थोडाफार बदलला तरी न बदलणाऱ्या गुणांच्या गणितामुळे. २००५ ते २००८ या काळात असे पदार्थ सापडले, की जे आतून वीज वाहू देत नाहीत पण कडेने किंवा पृष्ठभागावरून हमखास वाहू देतात, आणि हा गुण थोड्याफार अशुद्धीने पुसला जात नाही. २०११ मध्ये श्यांगांग वान, ॲरी टर्नर, अश्विन विश्वनाथ आणि सेर्गेई साव्रासोव यांनी इरिडियमच्या काही चुंबकीय ऑक्साइडांचं गणित मांडलं. त्यांत डाव्या-उजव्या मिळून २४ भेटी निघाल्या. हेरिंगच्या योगायोगाला वाइलचं नाव देऊन ‘वाइल सेमीमेटल’ हा शब्द रूढ झाला तो इथून. सेमीमेटल अशासाठी, की यात भरलेला पट्टा आणि रिकामा पट्टा एकमेकांना जेमतेम शिवतात.

या निबंधात एक भाकीत होतं आणि पुढचा सगळा शोध त्यावर उभा राहिला. साध्या धातूच्या पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनांचा संवेगाच्या नकाशावर माग काढला तर एक बंद वळण मिळतं. ते कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हा प्रश्नच येत नाही. वाइल सेमीमेटलच्या पृष्ठभागावर मात्र हे वळण तुटकं असायला हवं, एका डाव्या बिंदूच्या सावलीपाशी सुरू होऊन उजव्याच्या सावलीपाशी थांबणारं. त्याला फर्मी आर्क म्हणतात. वळणाचा उरलेला तुकडा स्फटिकाच्या पलीकडच्या पृष्ठभागावर असतो. निव्वळ दोन मितींच्या पदार्थात अशी अर्धी रेषा असूच शकत नाही, म्हणून ती दिसली की आत वाइल बिंदू आहेत हे ओळखावं.

इरिडियमच्या ऑक्साइडांनी दाद दिली नाही. पृष्ठभागाची तपासणी करता येईल असे त्यांचे स्वच्छ स्फटिक मिळेनात आणि त्यांच्या चुंबकत्वाचा उलगडाही होईना. बीजिंगच्या फांग झोंग आणि दाई शी यांच्या गटाने तोवर सोडियम-बिस्मथ आणि कॅडमियम-आर्सेनिक यांची संयुगं सुचवली. त्यांत डावा आणि उजवा बिंदू एकमेकांवर बसलेले असतात. २०१४ मध्ये ही दोन्ही भाकितं खरी ठरली. आता डाव्याला उजव्यापासून वेगळं करायचं होतं.

त्यासाठी एकतर चुंबकत्व लागतं, नाहीतर मध्यसममिती नसलेली, म्हणजे मध्यबिंदूतून उलटवल्यावर तशीच न राहणारी रचना. टँटलम आर्सेनाइडची रचना दुसऱ्या प्रकारची, आणि ती रसायनशास्त्रज्ञांना अर्धशतकापासून ठाऊक होती. तिच्याकडे या नजरेने कुणी पाहिलं नव्हतं, एवढंच. २०१५ च्या सुरुवातीला बीजिंगचा गट आणि प्रिन्स्टनमधला झाहिद हसन यांचा गट, दोघांनी स्वतंत्रपणे सांगितलं की या संयुगात वाइल बिंदूंच्या १२ जोड्या आहेत. हसन मूळचे ढाक्याचे. त्यांच्यासाठी स्फटिक वाढवले ते पेकिंग विद्यापीठात. काचेच्या बंद नळीत टँटलम आर्सेनाइडची पूड आणि थोडं आयोडीन घालून हजार अंशांच्या आसपास तापवतात. आयोडीनच्या वाफेबरोबर पदार्थ नळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो आणि तिथे हळूहळू चकचकीत स्फटिक धरतात, जेमतेम काही मिलिमीटरचे.

मोजमाप करायचं ते प्रकाशाने. निर्वात पोकळीत स्फटिक फोडतात, म्हणजे हवा न लागलेला ताजा पृष्ठभाग मिळतो. त्यावर सिंक्रोट्रॉनमधून अतिनील किंवा मृदू क्ष-किरण सोडले की इलेक्ट्रॉन उडून बाहेर पडतात. ते कुठल्या कोनात आणि किती ऊर्जेने बाहेर पडले यावरून आत असताना त्यांचा संवेग काय होता, याचा हिशेब लागतो. कमी ऊर्जेचा प्रकाश पृष्ठभागापुरतं सांगतो, जास्त ऊर्जेचे किरण आतलंही सांगतात. वाइल सेमीमेटल ठरवायला दोन्ही हवेत, कारण पृष्ठभागावरच्या तुटक्या रेषांची टोकं आतल्या बिंदूंच्या बरोबर वर पडली पाहिजेत. प्रिन्स्टनच्या गटाने पृष्ठभाग कॅलिफोर्नियात बर्कलीला तपासला आणि आतला भाग स्वित्झर्लंडमध्ये. डिंग होंग यांच्या बीजिंगच्या गटाने शांघायचं सिंक्रोट्रॉन वापरलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये, अवघ्या काही दिवसांच्या अंतराने, दोघांनीही आपापले निष्कर्ष सर्वांसमोर ठेवले. रेषा तुटक्या होत्या आणि टोकं जिथे हवी तिथेच होती. जुलैमध्ये दोन्ही निबंध छापून आले. एमआयटीमध्ये तर वेगळ्याच वाटेने, छिद्रं पाडलेल्या सिरॅमिकच्या जाळीत शिरणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरींमध्ये, तेच बिंदू दिसले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूट्रिनोला वस्तुमान असतं हे दाखवणाऱ्या काजिता आणि मॅकडोनाल्ड यांना नोबेल जाहीर झालं. वाइल समीकरणाची एक जागा गेल्याची पावती आणि दुसरी मिळाल्याची बातमी, दोन्ही एकाच वर्षात आल्या.

एवढ्यावर हा इतिहास थांबवला तर तो विजयगाथा होईल. खरी कसोटी पुढे होती.

या पदार्थांचं विद्युतवर्तन सुरुवातीपासूनच चक्रावणारं होतं. ड्रेस्डेनच्या माक्स प्लांक संस्थेत क्लाउडिया फेल्झर यांच्या गटातले चंद्र शेखर आणि सहकारी यांनी २०१५ मध्ये निओबियम फॉस्फाइड तपासलं. उणे २७१ अंश सेल्सिअसला, ९ टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात त्याचा विद्युतरोध ८,५०,००० टक्क्यांनी वाढला. हा झाला प्रवाहाच्या काटकोनात लावलेल्या क्षेत्राचा परिणाम. सगळ्यांचे डोळे लागले होते ते निल्सन-निनोमिया यांच्या भाकिताकडे, की क्षेत्र प्रवाहाच्या दिशेनेच लावलं तर रोध उलट कमी व्हायला हवा. प्रिन्स्टनमध्ये एन. पी. ओंग यांच्या गटाला सोडियम-बिस्मथमध्ये तो कमी झालेला दिसला, चिनी गटांना टँटलम आर्सेनाइडमध्ये. पुढे जो तो आपापल्या पदार्थात रोध घटल्याचं सांगू लागला.

मग शंका आली, आणि ती आली ड्रेस्डेनच्याच संस्थेतून. ज्या पदार्थात इलेक्ट्रॉन फार सहज धावतात, त्यात जोरदार चुंबकीय क्षेत्र लावलं की प्रवाह सगळ्या स्फटिकभर पसरत नाही. तो दोन टोकांच्या तारांमधून बारीक झोतासारखा मधोमध जातो. व्होल्टेज मोजायच्या तारा कडेला लावल्या असतील तर तिथे प्रवाहच पोहोचत नाही, व्होल्टेज कमी भरतं आणि रोध घटल्यासारखं दिसतं. वाइल बिंदूंचा यात काही संबंध नाही. २०१६ मध्ये या गटाने दाखवलं, की तारा कुठे लावल्या यावर निष्कर्ष बदलतो. छापून आलेल्या बऱ्याच निबंधांवर प्रश्नचिन्ह लागलं.

याला ओंग यांच्या गटाने २०१८ मध्ये दिलेलं उत्तर मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत सुंदर काम वाटतं. त्यांनी एकाच स्फटिकावर दोन ठिकाणी व्होल्टेज मोजलं, मधल्या कण्यावर आणि कडेवर. प्रवाहाचा निव्वळ झोत होत असेल तर कडेवर रोध घटेल पण कण्यावर वाढेल. शुद्ध बिस्मथ घेतला तर अगदी तसंच झालं. सोडियम-बिस्मथमध्ये मात्र दोन्ही ठिकाणी रोध घटला, आणि झोताचा परिणाम गणिताने वजा केल्यावर १० टेस्लाला मूळ रोध १०.९ पटींनी कमी भरला. हा सोडियम-बिस्मथ हवेत आला की लगेच खराब होतो, म्हणून तारा जोडण्यासकट सगळं काम आर्गॉन वायू भरलेल्या पेटीत करावं लागतं. तशा अवस्थेत एका चिमुकल्या तुकड्याच्या कण्यावर आणि कडेवर वेगवेगळ्या तारा बसवणारे हात कसे असतील याची कल्पना करावी.

२०१९ मध्ये कोबाल्ट, टिन आणि गंधक यांच्या चुंबकीय संयुगातही फर्मी आर्क दिसले, म्हणजे २०११ चा मूळ चुंबकीय मार्गही अखेर सापडला. काम अजून चालू आहे.

या शोधाच्या बातम्यांमध्ये ‘वस्तुमान नसलेला कण सापडला’ असे मथळे आले होते. ते बरोबर नाहीत. स्फटिकातला प्रत्येक इलेक्ट्रॉन नेहमीइतक्याच वस्तुमानाचा असतो. असंख्य इलेक्ट्रॉन आणि अणूंची जाळी मिळून एक सामूहिक हालचाल घडते, आणि ती हालचाल भेटीच्या बिंदूजवळ वाइलचं समीकरण पाळते, तीही प्रकाशापेक्षा शेकडो पटींनी मंद वेगाने. स्फटिकाबाहेर ती अस्तित्वात नसते. मोकळ्या अवकाशातला एकही मूलकण वाइल फर्मिऑन असल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही.

म्हणून हा शोध घन पदार्थांच्या भौतिकीचा आहे, आणि त्या शाखेत त्याचा पहिला मान १९३७ साली योगायोगाच्या भेटींचं गणित मांडणाऱ्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला जातो. वाइल यांचं नाव पदार्थाला मिळालं, ते योग्यच झालं. ही गोष्ट पुढे सांगणाऱ्यांनी कॉन्यर्स हेरिंग हे नाव मात्र गाळू नये.